बतावणीची कुटुंबे : सुनील गुप्ता आणि दोन कायदे

मे १९८८. मार्गारेट थॅचर यांच्या ब्रिटनमध्ये स्थानिक प्रशासनाच्या कायद्यातील कलम २८ अमलात आले. नगरपालिकांनी समलैंगिकतेला उत्तेजन देऊ नये, आणि समलिंगी नाते हे 'बतावणीचे कुटुंब' म्हणूनही स्वीकारार्ह आहे असे त्यांच्या शाळांत शिकवू नये, असा त्याचा आशय. आपल्याकडे बतावणी म्हटली की तमाशा आठवतो. तिथल्या संसदेने हा शब्द अत्यंत गंभीरपणे वापरला होता.

त्याच वर्षी लंडनमधील एका छायाचित्रकाराने हेच शब्द उचलून आपल्या छायाचित्रमालेचे शीर्षक केले. त्यांचे नाव सुनील गुप्ता.

जन्म नवी दिल्लीचा, १९५३ चा. १९६९ मध्ये कुटुंब कॅनडात मॉन्ट्रियलला गेले. तिथेच ते समलिंगी मुक्तीच्या चळवळीत आले. १९७६ मध्ये व्यवस्थापन शिकायला न्यूयॉर्कला गेले आणि कॅमेरा घेऊन ख्रिस्टोफर स्ट्रीटवर उतरले. व्यवस्थापन मागेच राहिले. पुढे लंडन.

१९८८ च्या त्या मालेतील प्रत्येक चित्राची मांडणी पाहण्यासारखी आहे. एका बाजूला एखाद्या समलिंगी जोडप्याचे रंगीत छायाचित्र, मध्ये कवितेच्या काही ओळी आणि कडेला कलम २८ विरोधी निदर्शनांच्या कृष्णधवल छायाचित्राची अरुंद पट्टी. घर आणि रस्ता एकाच चौकटीत. 'कलाकार, शिवाय कार्यकर्ता' असे त्यांचे वर्णन अनेकदा होते. मला त्यातला 'शिवाय' खटकतो. ती पट्टी काढून टाकली तर चित्रच अपुरे राहते.

पण गुप्ता यांची खरी कोंडी समजते ती याआधीच्या 'एक्झाइल्स' (१९८६-८७) या दिल्लीत काढलेल्या मालेतून. कलेच्या इतिहासात समलिंगी भारतीय पुरुष कुठे दिसतच नव्हता. तो दाखवायचा, तर दाखवणार कसा? भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ लागू होते आणि ओळख उघड झाली तर घर, नोकरी, लग्न, सगळेच पणाला लागणार. म्हणून गुप्ता यांनी प्रसंग ठरवून उभे केले. इंडिया गेट, हुमायूनची कबर अशा ओळखीच्या जागा, त्यात अनेकदा पाठमोरे किंवा चेहरा वळवलेले पुरुष, आणि छायाचित्राखाली संभाषणांतून घेतलेली वाक्ये. इमारत कोणालाही ओळखू येते, माणूस मात्र येत नाही.

हे कलम १८६० चे, इंग्रजांनीच लिहिलेले. इंग्लंड आणि वेल्सने आपल्या घरचा तसाच कायदा १९६७ मध्ये सैल केला; दिल्लीत तो तसाच राहिला. म्हणजे गुप्ता यांच्या एका शहरात ब्रिटिशांचा जुना कायदा होता आणि दुसऱ्या शहरात त्यांचाच नवा कायदा येऊ घातला होता.

आणखी एक पेच लंडनमधला होता. समलिंगी चळवळीचा चेहरा बहुतांशी गोरा, तर स्थलांतरितांच्या वंशवादविरोधी राजकारणात समलैंगिकतेविषयी अवघडलेपण. या फटीत उभे असलेले ते एकटे नव्हते. रोटिमी फानी-कायोडे हे नायजेरियन छायाचित्रकार १९६६ च्या लष्करी उठावानंतर लहानपणीच कुटुंबासह इंग्लंडला आले होते. योरुबा धर्मपरंपरा आणि पुरुषदेह यांना त्यांनी एकाच प्रतिमेत आणले. त्या काळी ब्रिटनमध्ये 'ब्लॅक' हा राजकीय शब्द होता, त्यात आशियाईही येत. १९८८ मध्ये अशा छायाचित्रकारांची 'ऑटोग्राफ' ही संस्था लंडनमध्ये स्थापन झाली. संस्थापकांत गुप्ता होते, पहिले अध्यक्ष फानी-कायोडे. डिसेंबर १९८९ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते वारले. संस्था आजही आहे. माझ्या मते त्यांच्या छायाचित्रांइतकेच हे कामही मोलाचे आहे, कारण दाखवायला भिंतच नसेल तर प्रतिमा पेटीतच राहते.

कलम २८ स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले.

गुप्ता नव्या शतकात काही वर्षे दिल्लीत राहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये संमतीने ठेवलेल्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. तरीही मार्च २०१२ मध्ये त्याच दिल्लीतले त्यांचे प्रदर्शन एका तक्रारीवरून पोलिसांनी बंद पाडले. उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी स्वतःचाच निर्णय बदलला. तोवर 'एक्झाइल्स'मधल्या त्या पाठमोऱ्या पुरुषांना तीस वर्षे उलटून गेली होती.