मॅव्हिका (तबकडी-कॅमेरा)

मॅव्हिका : छायाचित्रे प्रकाशग्राही फिल्मऐवजी फिरत्या तबकडीवर साठविणारा कॅमेरा. जपानच्या सोनी कंपनीने ‘मॅग्नेटिक व्हिडिओ कॅमेरा’ या तीन शब्दांच्या आरंभीच्या अक्षरांवरून हे व्यापारी नाव तयार केले व ते १९८१ ते २००३ या काळात परस्परांहून भिन्न अशा तीन प्रकारच्या कॅमेऱ्यांना दिले. पहिला प्रकार ५ सेंमी. व्यासाच्या चुंबकीय तबकडीवर सदृश संकेत नोंदविणारा, दुसरा संगणकाच्या नेहमीच्या ९ सेंमी. (साडेतीन इंची) फ्लॉपीवर अंकीय चित्रे नोंदविणारा व तिसरा ८ सेंमी. व्यासाच्या प्रकाशीय तबकडीवर (सीडीवर) चित्रे नोंदविणारा होय. तिन्हींचे उत्पादन आता बंद झाले आहे. घरगुती छायाचित्रण फिल्मकडून संगणकाकडे कसे वळले, याच्या इतिहासात मॅव्हिकाला महत्त्वाचे स्थान आहे. त्या संक्रमणकाळातील चित्रे टिकविण्याचा प्रश्नही याच कॅमेऱ्याच्या निमित्ताने स्पष्टपणे पुढे येतो.

पूर्वपीठिका : फिल्मविना छायाचित्रण शक्य होण्यासाठी प्रकाशाचे विद्युत् भारात रूपांतर करणारा घटक आवश्यक होता. विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये भारयुग्मित प्रयुक्ती (सीसीडी) शोधून काढली. या कार्याबद्दल त्यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ही प्रयुक्ती वापरून ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये सुमारे ३·६ किग्रॅ. वजनाचा प्रायोगिक कॅमेरा बांधला. त्याचे चित्र १०० × १०० चित्रबिंदूंचे, म्हणजे एकूण १०,००० बिंदूंचे असून ते ध्वनिफितीच्या कॅसेटवर नोंदविण्यास सुमारे २३ सेकंद लागत. फितीवरील हवे ते चित्र गाठण्यासाठी आधीची फीत ओलांडावी लागते. तबकडीवर मात्र वाचनशीर्ष कोणत्याही वर्तुळमार्गावर थेट नेता येते. तबकडीची ही सोय पुढील कॅमेऱ्यांच्या रचनेत निर्णायक ठरली.

कोडॅकने १९८२ मध्ये ‘डिस्क’ नावाचा कॅमेरा बाजारात आणला होता. त्यात १५ लहान चौकटींची फिल्म चकतीभोवती बसविलेली असे. ती रासायनिक प्रक्रियेनेच धुवावी लागत असल्यामुळे नामसाधर्म्य असूनही त्या कॅमेऱ्याचा मॅव्हिकाशी तांत्रिक संबंध नाही.

सदृश मॅव्हिका : सोनीचे एक संस्थापक आकिओ मोरिता (१९२१–९९) यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये तोक्यो येथे मॅव्हिकाचा पहिला नमुना जाहीर केला. त्यातील सीसीडीवर ५७० × ४९० चित्रबिंदू होते. प्लॅस्टिकच्या पातळ वेष्टनातील तबकडीवर ५० समकेंद्री वर्तुळमार्ग असून प्रत्येक मार्गावर एक, याप्रमाणे ५० चित्रे नोंदविता येत. तबकडी मिनिटास ३,६०० फेरे करी. जपान व अमेरिका येथील दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदास ६० चित्रक्षेत्रे दाखविली जातात. तबकडीच्या एका फेऱ्यात नेमके एक क्षेत्र नोंदले जावे म्हणून हा वेग ठेवला होता. वास्तविक हे दूरचित्रवाणीच्या दृश्यातील एक गोठविलेले क्षेत्र होते. चित्र अंकांत रूपांतरित होत नसल्यामुळे हा कॅमेरा अंकीय म्हणता येत नाही. त्याला ‘स्थिर-व्हिडिओ कॅमेरा’ अशी संज्ञा आहे. भारताने १९८२ मध्ये सेकंदास ५० क्षेत्रांची पाल ही रंगीत दूरचित्रवाणी पद्धती स्वीकारली. त्या पद्धतीस अनुरूप तबकडीचा वेग मिनिटास ३,००० फेरे असावा लागे. त्यामुळे जपानी पद्धतीचे चित्र भारतीय संचावर रूपांतरकाशिवाय दाखविणे शक्य नव्हते.

१९८१ चा नमुना विक्रीस आला नाही. मात्र त्याने फिल्म-उद्योगाला धक्का दिला. १९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये कॅनन कंपनी व योमिउरी शिंबुन हे दैनिक यांनी स्थिर-व्हिडिओ चित्रे दूरध्वनी तारेवरून जपानला पाठविण्याचा प्रयोग केला. १९८६ मध्ये कॅननचा आरसी–७०१ हा या प्रकारचा पहिला कॅमेरा विक्रीस आला. त्यानंतर सोनी व कॅनन यांनी घरगुती वापराचे नमुनेही काढले. चित्राचा कमी रेखीवपणा, जास्त किंमत आणि कागदी प्रत काढण्यातील अडचण यांमुळे त्यांचा प्रसार वृत्तसंस्थांच्या कामाबाहेर फारसा झाला नाही.

अंकीय मॅव्हिका : १९९७ मध्ये सोनीने एफडी–५ व एफडी–७ हे कॅमेरे बाजारात आणले. त्यांत नेहमीची १·४४ मेगॅबाइटची फ्लॉपी थेट बसे. एफडी–५ चे भिंग स्थिर केंद्रांतराचे, तर एफडी–७ चे दहापट विशालन बदलणारे होते. चित्र ६४० × ४८० चित्रबिंदूंचे असे.

फ्लॉपीच्या दोन बाजूंवर प्रत्येकी ८० वर्तुळमार्ग, प्रत्येक मार्गावर १८ खंड व प्रत्येक खंडात ५१२ बाइट असतात; म्हणजे तिची एकूण धारकता १४,७४,५६० बाइट भरते. ६४० × ४८० या चित्रात ३,०७,२०० बिंदू असून प्रत्येकाच्या तीन रंगमूल्यांसाठी तीन बाइट धरल्यास ९,२१,६०० बाइट लागतात. याचा अर्थ असा की, मूळ स्वरूपात फ्लॉपीवर एकच चित्र मावले असते. ही अडचण जेपेग या संकोचन पद्धतीने दूर झाली. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीचा गणिती पाया विविक्त कोज्या रूपांतर हा असून बंगलोर येथे जन्मलेले नसीर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर्. राव यांच्यासमवेत त्यावरील निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध केला होता. डोळ्याला सहसा न जाणवणारे सूक्ष्म तपशील गाळून ही पद्धती चित्राचा आकार दहा ते वीसपट कमी करते. त्यामुळे एका फ्लॉपीवर, निवडलेल्या प्रतीनुसार, सुमारे १५ ते ४० चित्रे मावू लागली.

त्या वेळच्या बहुतेक वैयक्तिक संगणकांत फ्लॉपीचा चालक असल्यामुळे चित्रे उतरविण्यास वेगळी तार, जोडणी किंवा आज्ञावली लागत नसे. फ्लॉपी स्वस्त होती, सर्वत्र मिळत होती व पुन्हा वापरता येत होती. कॅमेऱ्याचा आकार मोठा आणि नोंदणीचा वेग मंद होता. तरीही शाळा, विमा-सर्वेक्षक, घरांच्या खरेदी-विक्रीचे दलाल व कार्यालये यांना तो सोयीचा वाटला. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या अंकीय कॅमेऱ्यांत मॅव्हिकाची गणना होत असे. १९९८ मध्ये १,०२४ × ७६८ चित्रबिंदूंचा एफडी–८१ आणि चौदापट विशालनाचा एफडी–९१ हे नमुने निघाले.

सीडी मॅव्हिका व ऱ्हास : चित्रबिंदूंची संख्या वाढताच फ्लॉपी अपुरी पडू लागली. १,६०० × १,२०० बिंदूंची चांगल्या प्रतीची चित्रे तिच्यावर दोन-चारच मावत. यावर उपाय म्हणून सोनीने २००० मध्ये सीडी–१००० हा कॅमेरा आणला. त्यातील ८ सेंमी. प्रकाशीय तबकडीची धारकता १५६ मेगॅबाइट, म्हणजे फ्लॉपीच्या सुमारे शंभरपट होती. लेसर शलाकेने तबकडीतील रंजकाच्या थरावर नोंद केली जाई. मात्र ती तबकडी इतर यंत्रांत वाचता यावी म्हणून अखेरीस ‘समापन’ ही प्रक्रिया करणे आवश्यक असे. २००३ मधील सीडी–५०० हा नमुना ५० लक्ष चित्रबिंदूंचा होता. दरम्यान अर्धसंवाहक स्मृतिपत्रे स्वस्त झाली, संगणकांना यूएस्‌बी जोडणी मिळाली आणि ॲपलच्या १९९८ च्या आयमॅकपासून संगणकांतून फ्लॉपीचालक वगळण्यास प्रारंभ झाला. फिरते भाग नसलेली स्मृतिपत्रे लहान, वेगवान व धक्के सोसणारी असल्यामुळे तबकडी-कॅमेऱ्यांचे प्रयोजन उरले नाही. सोनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबविली.

महाराष्ट्रातील संदर्भ : मुंबईत छायाचित्रणाची परंपरा फार जुनी आहे. बाँबे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली व पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या काळातील अल्ब्युमेन कागदावरील मुंबईची चित्रे आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. स्वातंत्र्योत्तर काळात आग्फाचा ‘क्लिक–३’ यांसारखे साधे कॅमेरे आणि उदकमंडल येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स (स्थापना १९६०) या सरकारी कंपनीची ‘इंदू’ फिल्म यांवर मध्यमवर्गीय कुटुंबांचे छायाचित्रण बरेचसे अवलंबून होते. फिल्म व धुलाई यांचा खर्च पाहता बारसे, मुंज, लग्न अशा प्रसंगांपुरतीच मोजकी चित्रे घेतली जात.

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण महानगरपालिका (पुढे कल्याण-डोंबिवली) १९८३ मध्ये स्थापन झाली. मुंबईत नोकरी करणाऱ्या कुटुंबांच्या वस्तीमुळे ही शहरे झपाट्याने वाढत असतानाच्याच काळात वैयक्तिक संगणकाचा प्रसार झाला. सोनी इंडिया ही कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली, तर १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही महानगरांत सार्वजनिक आंतरजाल सेवा सुरू झाली. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध मात्र १ एप्रिल २००१ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम्‌एस्-सीआय्‌टी अभ्यासक्रमामुळे संगणक-साक्षरता शहरोशहरी पोहोचली.

या परिस्थितीत फ्लॉपी हेच माहितीच्या वाहतुकीचे साधन होते. प्रारंभीच्या आंतरजाल सेवेच्या सेकंदास ९,६०० बिट या वेगाने एक भरलेली फ्लॉपी दूरध्वनीवरून पाठविण्यास, तार एकदाही तुटली नाही तर, सुमारे वीस मिनिटे लागली असती व त्याचे शुल्क वेगळे पडले असते. खिशात ठेवलेली फ्लॉपी कल्याणहून मुंबईस (सुमारे ५४ किमी.) नेहमीच्याच लोकलने, पासाच्याच खर्चात पोहोचे. अंकीय मॅव्हिकाची कल्पना याच व्यवहाराशी जुळणारी होती : चित्र घ्यावे, तबकडी काढावी व दुसऱ्याच्या हाती द्यावी.

जतनाचा प्रश्न : तबकडीवरील चित्रांचे आयुष्य हा या इतिहासातील सर्वांत गंभीर भाग आहे. फ्लॉपी म्हणजे लोह-ऑक्साइडाचे कण बंधकाच्या साहाय्याने बसविलेली पॉलिएस्टरची चकती. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ऐंशी टक्क्यांहून अधिक राहते व ठाणे परिसरात वर्षाला सुमारे २,५०० मिमी. पाऊस पडतो. अशा हवेत बंधक द्रव्य पाणी शोषून कमकुवत होते, पृष्ठभागावर बुरशी धरते आणि वाचनशीर्षाच्या घर्षणाने नोंदीसहित थर खरवडला जातो. शिवाय फ्लॉपीवरील विषयसूचीचे खंड बिघडले, तर शाबूत चित्रेही सहज हाती लागत नाहीत. फिल्मची प्रत डागाळली, तरी तिच्यावरचा चेहरा ओळखता येतो. अंकीय नोंद बिघडली की, पुष्कळदा चित्रच उघडत नाही.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत व उल्हास नदीच्या पुरात कल्याण परिसरातील अनेक घरांत पाणी शिरले. अशा आपत्तीत कागदी संग्रह व तबकड्या यांना सारखाच धोका असतो. परंतु भिजलेली कागदी प्रत वेळीच सुकविल्यास बरीचशी वाचविता येते व तिची निगेटिव्ह अन्यत्र असू शकते. फ्लॉपीवरील चित्राची दुसरी प्रत काढलेली नसेल, तर ती फ्लॉपी हाच त्याचा एकमेव आधार असतो. फ्लॉपी पुन्हा वापरण्याच्या सवयीमुळे अनेक चित्रे पुसली जाण्याचा धोकाही होता. शेतजमिनी, खाडीकाठ व जुने वाडे यांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचा या शहरांतील काळ आणि फिल्म व स्मृतिपत्र यांमधील हा अल्पजीवी काळ परस्परांत मिसळलेले आहेत. म्हणून त्या वर्षांतील खाजगी चित्रे ही केवळ कौटुंबिक ठेव नसून स्थानिक इतिहासाचे साधनही ठरतात.

अशा चित्रांना पुराव्याचेही मूल्य असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये भारतीय पुरावा अधिनियमात ६५–ख हे कलम घालण्यात आले व विहित प्रमाणपत्रासह इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात ग्राह्य ठरली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये हीच तरतूद आढळते. मात्र कायद्याने ग्राह्य ठरविलेली नोंद वाचता येईल अशा स्थितीत असणे, ही त्याआधीची अट आहे.

मॅव्हिकाच्या प्रकारांनुसार चित्रे परत मिळविण्याची शक्यता बदलते. सदृश प्रकाराच्या तबकड्या वाचणारी यंत्रेच दुर्मिळ झाली असल्यामुळे त्यांवरील चित्रे मिळविणे सर्वांत कठीण असते. अंकीय प्रकाराच्या फ्लॉपीवरील नोंदपद्धती व जेपेग स्वरूप दोन्ही आजही सर्वसामान्य संगणकाला समजतात. यूएस्‌बीने जोडता येणारा फ्लॉपीचालक असल्यास चित्रे उतरविता येतात. तबकडी प्रथम कोरड्या जागी ठेवून, तिच्या पृष्ठभागावर बुरशी नाही हे पाहून, तिची लेखनबंदीची खिडकी उघडावी व संपूर्ण प्रत एकदमच काढून घ्यावी, ही सुरक्षित रीत होय. सीडी मॅव्हिकाच्या तबकड्यांचे समापन झालेले नसल्यास विशेष आज्ञावलीची मदत घ्यावी लागते. या सर्व प्रकारांत माध्यमाची झीज चालूच राहते; त्यामुळे उतरवून घेतलेल्या चित्रांच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे व काही वर्षांनी त्या नव्या माध्यमावर नेणे आवश्यक असते.