गोठलेले भाडे, गोठलेली पेठ

भाडे नियंत्रणाची चर्चा निघाली की दोनच पक्ष समोर येतात. एक घरमालक, ज्याला पेठेतल्या खोलीचे भाडे म्हणून चहापाण्याचेही पैसे सुटत नाहीत. दुसरा जुना भाडेकरू, ज्याच्या डोक्यावर पडका वाडा आहे. तिसरा माणूस चर्चेत येतच नाही: ज्याला त्या वाड्यात खोली कधी मिळालीच नाही, तो. आम्हाला त्याच्याबद्दल बोलायचे आहे.

मुंबई भाडे नियंत्रण कायदा 1947 चा. 1 सप्टेंबर 1940 रोजी जागेला जे भाडे होते, तेच प्रमाण भाडे धरले गेले. महायुद्धाची टंचाई, फाळणीचे निर्वासित, मालकांची मनमानी. कायदा गरजेचाच होता आणि त्याला वाईट म्हणण्याचे आम्हाला कारण नाही. भाडे वेळेवर देणाऱ्याला सहजासहजी काढता येईना. तो वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जाई. म्हणजे खोली भाड्याची, पण हक्क वारशाचा.

आता त्या काळातला आपला मुलूख डोळ्यांसमोर आणा. 1949 मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. जिल्ह्याच्या रेघा हलल्या, वस्तीच्या रेघा हलल्या नाहीत. साताऱ्याच्या पेठा असोत की सांगलीचा गावभाग, जिथे आडावर, जिन्यावर, ओसरीवर विटाळ मोजला जात होता, तिथे महार-मांगाला भाडेकरू म्हणून कोण ठेवणार होते? कायदा आला तेव्हा ज्याच्या हातात भाडेपावती होती, संरक्षण त्याला मिळाले. भाडे गोठले, आणि त्याबरोबर पेठेची जातही गोठली.

बाबासाहेबांचे बालपण याच साताऱ्यात गेले. 7 नोव्हेंबर 1900 ही इथल्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाल्याची तारीख आपण दरवर्षी साजरी करतो. तोच विद्यार्थी परदेशातून शिकून 1917 साली बडोद्याला नोकरीवर गेला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत काढलेले दिवस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. खिशात पैसे होते, भाडे द्यायची तयारी होती. कोणता भाडेकायदा त्यांच्या कामी आला असता? भाडेकायदा भाडेकरूला वाचवतो. भाडेकरू होऊच न देणे हा त्याचा विषयच नाही.

तो विषय दुसऱ्या कायद्याचा आहे. 1955 चा अस्पृश्यता (अपराध) कायदा, आजचा नागरी हक्क संरक्षण कायदा. कोणत्याही वस्तीत घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे, याला अस्पृश्यतेच्या कारणाने अडवणे हा कलम 4 खाली गुन्हा आहे. आमच्या शिबिरांत ॲट्रॉसिटी कायदा सगळ्यांना माहीत असतो, हे कलम मात्र क्वचितच कुणाला.

दरम्यान 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 2000 मध्ये लागू झाला. आज वाडा पाडून इमारत उभी राहते, तेव्हा मालकाला मोबदला, बिल्डरला नफा आणि पावतीवाल्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा, असा हिशेब मांडला जातो. तिघांचीही मुळे 1948 च्या त्या पेठेत. शिकून शहरात आलेली आपली पोरे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहतात. मुदत संपली की पिशव्या उचला. जुन्या भाडेकरूचे संरक्षण त्यांना नाही. आणि घरकुल योजनेकडे जावे, तर बांधायला स्वतःची जागा कुठून आणायची? बापाकडे पेठेत पावतीही नव्हती, गुंठाही नव्हता.

मागच्या वर्षी सांगलीत नर्सिंगची नोकरी लागलेल्या एका मुलीसाठी आम्ही खोली शोधत होतो. एके ठिकाणी खोली पसंत पडली, डिपॉझिट ठरले, मग आडनाव विचारले गेले. आडनाव ऐकल्यावर मालकांना आठवले की भाऊ राहायला येणार आहे. तेव्हापासून आम्ही अशा वेळी तारीख, पत्ता, नेमके शब्द आणि सोबत कोण होते ते वहीत लिहून ठेवतो. पंधरा दिवसांनी त्याच गल्लीतून गेलो. ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी तशीच होती. तीही वहीत लिहिली.