गुण वाढले, पण ताप उतरला का?

नातेवाइकांना कळत नाही म्हणून लघवीच्या नळीतून संसर्ग होतो, आणि घरच्यांना माहिती नसते म्हणून मधुमेही माणसाची साखर बिघडते, हा पूर्वपक्ष. तो पोकळ नाही. गुळाच्या या कोल्हापूर जिल्ह्यात 'साखर बंद, गूळ चालतो' असं मानणारी घरं आहेत, आणि गूळही रक्तातली साखर वाढवतोच. आजारी माणूस जेवला नाही की इन्सुलिनही थांबवलं जातं. टाइप १ मधुमेहात ते जिवावर बेतू शकतं. शिकवायला हवं, यावर वाद नाही.

वाद त्यापुढचा आहे. परिचर्येच्या प्रबंधांत एक रचना वारंवार दिसते: आधी प्रश्नावली, मग थोडं शिकवणं, काही दिवसांनी तीच प्रश्नावली. गुण वाढतात आणि कार्यक्रम परिणामकारक ठरतो. पण न शिकवलेला गट तुलनेला नसेल, तर गुण शिकवण्याने वाढले की तेच प्रश्न पुन्हा आल्यामुळे, हे कसं ठरवणार? आणि ते ठरलं तरी गुण म्हणजे संसर्ग नव्हे. संसर्ग मोजतात तो १००० नळी-दिवसांमागे. एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस. हा आकडा न घेता संसर्गावर निष्कर्ष काढणं मला मान्य नाही.

मूत्राशयात नळी असताना लघवीत जंतू शिरण्याची शक्यता रोज ३ ते ७ टक्के असते. जंतू शिरलेल्या सगळ्यांना आजार होत नाही, पण नळी जितके दिवस राहील तितका धोका साचत जातो, मधुमेह्याला तर अधिकच. नळी कधी काढायची हे डॉक्टर ठरवतात. एक्स-रेला नेताना लघवीची पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवली, तर लघवी उलटी फिरते. ती पिशवी बहुतेक वेळा ट्रॉली ढकलणाराच उचलतो. यातलं काय रुग्णाजवळ बसायला चंदगड तालुक्यातून आलेल्या सुनेच्या हातात आहे?

रुग्णालयाच्या हातात काय असतं, ते पाहा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शंभरावर अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेतल्या नळीसाठी पाच गोष्टी पाळायला लावल्या: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपताच नळी काढणं. डॉक्टर चुकला तर थांबवायचा अधिकार नर्सला मिळाला. १००० नळी-दिवसांमागचा संसर्गाचा मध्यांक २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. ही नळी वेगळी, विभाग वेगळा. पण २००६ साली छापलेल्या त्या अभ्यासात बदलायचं होतं ते रुग्णालयाने स्वतःचं वागणं, आणि मोजला तो संसर्गच.

कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात जिल्ह्यातून, तळकोकणातून, सीमाभागातून माणसं येतात. नळी आणि मधुमेह हे अभ्यासाचे दोन विषय असतील, खाटेवर मात्र एकच माणूस असतो आणि त्याच्या उशाशी एकच बाई. तिच्याकडून प्रश्नावलीवर खुणा करून घेण्याऐवजी तिला पिशवी रिकामी करून दाखवायला सांगा, इन्सुलिन भरून दाखवायला सांगा. चुकलं तिथेच हात धरून सुधारा. आणि रोज सकाळी केसपेपरवर नळीचं कारण लिहा. मग तिने 'सिस्टर, आज नळी निघंल काय?' असं विचारलं, तर उत्तर त्या कागदावर सापडेल.