नोंदवहींतील कोरी जागा

महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठीं कांहीं ऐतिहासिक लिहावें, अशी मंडळींची इच्छा दिसली, तेव्हां आम्हीं प्रथम जुन्या नोंदवह्या उघडल्या. बाप्तिस्मा व विवाह यांच्या वह्या ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं घालून दिला. मृत्यूची वही १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें तिच्या जोडीस आणिली. या वह्यांतून एका मनुष्याच्या तीन तारखा सांपडतात. परंतु नव्वद वर्षें जगलेला मनुष्य त्या तारखांच्या मध्यंतरीं काय करीत होता, यास वहींत रकाना नाहीं.

बाळकुम हें उल्हासच्या खाडीकांठचें गांव. पलीकडे कशेळी, आणि पुढें भिवंडीची वाट. खाडीकांठच्या शेतकऱ्यास दोन शत्रू: न येणारा पाऊस आणि न चुकणारी भरती. बांध फुटला कीं खारें पाणी शेतांत शिरे व पुढल्या पिकासही जमीन नासे. असा बांध एकट्याच्यानें राखला जात नाहीं; म्हणून ज्याचें शेत निर्धास्त असे, तोही शेजाऱ्याच्या बांधावर माती टाकावयास जाई. समाजसेवेचा पहिला धडा आमच्या वाडवडिलांनीं तेथें घेतला, प्रवचनांतून नव्हे, असें आम्हांस वाटतें.

पुढें कामाचें रूप पालटलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली. १९२५ सालीं ठाण्यांत लोकरीची गिरणी निघाली. तीच पुढें रेमंड म्हणून प्रसिद्धीस आली. १९६२ नंतर वागळे इस्टेटींत कारखाने वाढले. रात्रपाळी करून सकाळीं भातलावणीस उभीं राहणारीं माणसें त्या काळांत विरळा नव्हतीं.

बांधावरची ती शेजारधर्माची वृत्ति शहरांतही दिसून आली. १८८७ सालीं मुंबईंत ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. ज्यांचें घराणें उत्तनचें, ते बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) हे १९१६ सालीं होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, १९२० सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणींत पुढें होते, आणि १९२५ सालीं मुंबई महापालिकेचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. लोकांनीं त्यांस ‘काका’ म्हटलें. एवढीं पदें भूषविलेल्या पुरुषास जनतेनें घरांतलें नातें द्यावें, यांत त्यांच्या सेवेचें सार आलें.

संसार आणि विरंगुळा यांच्यामध्यें जुन्या लोकांनीं भिंत घातली नव्हती. उन्हाळ्यांत अंगणांत मिरच्या वाळत व बाटली मसाल्यासाठीं सारें घर जमे. पहिल्या पावसांत, पाण्याच्या ओढीविरुद्ध चढणारे वलगणीचे मासे धरावयास बापामागोमाग मुलें शेतांत उतरत. सुगी आटोपली कीं तरुण मंडळी येऊरच्या डोंगराकडे पायीं निघत. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं, आगेऱ्याच्या सणास, नव्या भाताचीं कणसें वेदीपाशीं येत. श्रम, घर, शेजार, मौज आणि प्रार्थना यांचें पीक एकाच मातींत निघे.

आतां ती माती इमारतींखालीं गेली. शहरांतल्या आगेऱ्याचीं कणसेंही बहुधा दुरून आणावीं लागतात. याबद्दल केवळ हळहळून भागणार नाहीं.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वीं, एका वृद्धाच्या दफनानंतर, आम्हीं त्यांचें नांव, वय व आईबापांचीं नांवें वहींत नोंदविलीं. त्यांच्या वयोवृद्ध पत्नी दाराशीं उभ्या होत्या. त्यांनीं विचारलें, “फादर, चाळीस वर्षें ह्यांनीं गांवांतल्या माणसांच्या कबरी खणल्या, कोणाकडून पैसा घेतला नाहीं, तें लिहिलेंत का?” आम्हीं लिहिलें नव्हतें. आम्हांस तें ठाऊकच नव्हतें. ज्यांनीं खणलेल्या कबरींवर आम्हीं इतकीं वर्षें आशीर्वाद दिला, त्यांस आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें.

तरी तरुणांस आमची विनंति आहे. महोत्सवाचें हें वर्ष सरण्यापूर्वीं घरांतल्या वृद्धांपाशीं बसा. त्यांनीं काय पेरलें, कोणत्या गिरणींत घाम गाळला, कोणाच्या अडचणीस धांवले, कोणत्या ओढ्यांत मासे धरले, हें त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. त्यासाठीं आम्हीं एक नवी वही बांधून घेतली आहे. ती जुन्या तिन्ही वह्यांशेजारीं राहील. तिचें पहिलें पान त्या कबरी खणणाऱ्या वृद्धाचें आहे. त्यांच्या पत्नीनें सांगितलें, तें आम्हीं लिहून घेतलें. पुढलीं पानें कोरीं आहेत.