घाटाखालची साक्ष

अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश लागतो. कपाशीचा मुलूख. कामगारांच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्याचे कर्तव्य कोणते, या प्रश्नाचा एक जुना दाखला तेथे सापडतो.

मुंबई सरकारच्या 1884-85 च्या फॅक्टरी कमिशनपुढे, खानदेशातील जिनिंग कारखान्यांची व्यवस्था पाहणाऱ्या एका साक्षीदाराने हकिकत सांगितली. पहाटे 4 पासून रात्री 10 पर्यंत काम आणि मजुरी तीन-चार आणे. रात्रपाळी सुरू झाली की तीच बायामाणसे सलग 8 दिवस अहोरात्र राबत. ती पार थकली की नवी आणीत. असे राबणारे पुष्कळदा मरत, हेही त्याने सांगितले.

मेलेले कोण, हे त्या साक्षीवरून कळत नाही. 1881 चा कायदा वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. हंगामी जिन त्यातून सुटत. ही पळवाट 1911 च्या कायद्याने बुजली. मधल्या सव्वीस वर्षांत जिनवाल्यांचे हंगाम येतच राहिले.

याच कमिशनपुढे दुसराही एक कागद आला. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या सुमारे 5,500 गिरणी कामगारांनी सह्यांचा अर्ज दिला. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार या मागण्यांबरोबरच, कामावर जबर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन आणि कायमचा निकामी झाल्यास निर्वाहाची तजवीज मागितली होती. पहिल्या कागदात कामगार हा माहितीचा विषय आहे. दुसऱ्यात तो स्वतः बोलतो आहे.

आमच्या मते अभ्यासकाचे कर्तव्य या दोन कागदांमधल्या अंतरात आहे. कामगाराच्या देहाविषयी जे कळले ते प्रथम त्याला, त्याच्या भाषेत सांगावे. बोलल्यामुळे त्याची रोजी जाणार नाही, याची काळजी घ्यावी. आणि जीव धोक्यात दिसला तर अहवाल छापून होण्याची वाट पाहू नये.

हा प्रश्न शिळा झालेला नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आकडा मोठा आहे, म्हणून तो लक्षात राहतो. त्यातल्या प्रत्येकीला आपल्या तपासणीतून काय निघाले हे कोणी घरी जाऊन सांगितले का, हे विचारल्याखेरीज अशी कोणतीही पाहणी पुरी झाली असे आम्ही मानणार नाही.