मतें आणि गुण

बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठीं अमेरिकेंतील क्रीडालेखकांनीं १९३६ सालीं प्रथम मतदान केलें. २२६ मतदारांपैकीं तीनचतुर्थांशांचा कौल मिळविणारे खेळाडू पांचच निघाले. टाय कॉब यास सर्वाधिक २२२ मतें पडलीं. ५११ सामने जिंकणारा गोलंदाज साय यंग मात्र १११ मतांवर अडला आणि पुढच्याच वर्षीं निवडला गेला. मधल्या काळांत त्याचें कौशल्य थोडेंच वाढलें होतें? तो १९११ सालींच निवृत्त झाला होता. तडाखेबंद फलंदाज जॉश गिब्सन यास तर वर्णभेदामुळें गोऱ्यांच्या प्रमुख संघांत कधींच प्रवेश मिळाला नाहीं. तो १९४७ सालीं वारला. मंदिराचें दार त्यास १९७२ सालीं उघडलें. गुण मैदानावर सिद्ध होतात. मतपेटींत दिसते ती पारख करणाऱ्यांची दृष्टि.