हिणवणुकीचीच पाटी करणारा बँड : ‘कॉर्नरशॉप’चा पहिला अल्बम

व्यवस्थेविरुद्ध बोलणाऱ्यांच्या गोटातही आपल्याला जागा असेलच असे नाही. हा अनुभव आम्हाला नवा नाही. इंग्लंडमधल्या पंजाबी स्थलांतरितांच्या मुलांनाही तो आला होता. त्यांनी त्याला काय उत्तर दिले, तो इतिहास आपल्या तरुणांनी समजून घ्यावा असा आहे.

बड्या कंपन्यांना नाकारून स्वतंत्रपणे रेकॉर्ड काढणाऱ्यांचे संगीत म्हणजे ‘इंडी रॉक’. १९८०च्या दशकात मॉरिसी हा या वर्तुळाचा लाडका बंडखोर होता. मँचेस्टरचा, कामगारवर्गातला, आयरिश स्थलांतरितांचा मुलगा. पण १९८८ साली त्याने ‘बेंगाली इन प्लॅटफॉर्म्स’ हे गाणे काढले आणि आशियाई माणूस इथला नाहीच असे ते सुचवते, अशी टीका झाली. ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये तो ब्रिटिश झेंडा घेऊन मंचावर नाचला. मागच्या पडद्यावर स्किनहेड मुलींचे चित्र होते. झेंडा आणि स्किनहेड एकत्र दिसले की त्याचा अर्थ काय, हे रस्त्यावर मार खाल्लेल्या आशियाई मुलांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच वर्षी लेस्टरच्या एका नव्या बँडने ईएमआय कंपनीच्या कार्यालयासमोर मॉरिसीचे चित्र जाळले. बँडचे नाव ‘कॉर्नरशॉप’. आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, या हिणवणुकीचीच त्यांनी स्वतःच्या दारावर पाटी लावली. नावाचे मोल आम्हाला ठाऊक आहे. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सकडून ‘पँथर’ घेतले आणि त्याला ‘दलित’ जोडले. त्या शब्दावर आपल्यात आजही वाद आहे. पण आपले नाव आपण ठरवायचे, यावर वाद नाही.

एका गायकाचे चित्र जाळणे आणि महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी झालेले मनुस्मृतीदहन यांची बरोबरी आम्ही करत नाही. प्रश्न एवढाच की जाळल्यानंतर काय? बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला होता आणि महाडच्या वर्षीच ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. विरोधाला स्वतःचे व्यासपीठ लागते. कॉर्नरशॉपही चित्र जाळून थांबले नाहीत.

जानेवारी १९९४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, ‘होल्ड ऑन इट हर्ट्स’. तो काढला विजा या छोट्या स्वतंत्र कंपनीने. कंपनीचे नावसुद्धा लंडनमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानाच्या पिनकोडावरून घेतलेले. त्जिंदर सिंग, त्याचा भाऊ अवतार, बेन एअर्स आणि सोबती यांचे वादन कच्चे होते. गिटारच्या गोंगाटातच सतार येते, इंग्रजीच्या शेजारी पंजाबी येते. एका गाण्याच्या शीर्षकाचा अर्थच असा आहे की, माझी भाषा मला अडचणीत आणेल असे तू नेहमी म्हणायचास. गावाकडची बोली लपवत कॉलेजात वावरलेल्या आपल्या किती मुलामुलींना हे आपले वाटेल!

या अल्बममुळे अमेरिकन संगीतकार डेव्हिड बर्न यांचे लक्ष बँडकडे गेले आणि त्यांनी आपल्या लुआका बॉप कंपनीत त्यांना जागा दिली. पण जगाने कॉर्नरशॉपला ओळखले ते १९९७च्या ‘ब्रिमफुल ऑफ आशा’मुळे. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांना केलेला तो सलाम होता. मूळ गाणे ब्रिटनच्या यादीत साठाव्या क्रमांकापर्यंतच गेले. नॉर्मन कुकने त्याचे वेगवान, नाचण्याजोगे रिमिक्स केले आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गाणे घरोघरी गेले, ते जाळलेले चित्र आणि तो पहिला अल्बम मात्र मागे पडला.

यात आम्हाला आपलाच प्रश्न दिसतो. १४ एप्रिलला डीजेवर भीमगीते वाजतात. नाचण्याला आमचा विरोध नाही, आनंदही आपला हक्क आहे. पण गाण्याचा ठेका उरला आणि त्यातला सवाल गळून पडला, तर प्रस्थापितांना आपली गाणी खुशाल चालतील. ठोके ऐकायला तेही येतील. म्हणून आपल्या शाहिरांची, जलशांची, पहिल्या कॅसेटची आणि पहिल्या कच्च्या रेकॉर्डिंगची नोंद आपणच ठेवली पाहिजे. रिमिक्सची आठवण बाजार ठेवतो, विद्रोहाची आठवण चळवळीलाच ठेवावी लागते.

जय भीम!